चार हजार पायांची नक्कल

ताईला बोटांनी पाय वाचता यायचा. डोळे मिटून तळव्यावरून अंगठा फिरवला की माणूस कुठल्या पायावर जास्त भार देतो, टाच आत कलते की बाहेर, चवड्याखालचं कुठलं हाड पुढेमागे त्रास देणार आहे, हे ती सांगायची. एकोणिसाव्या वर्षी ती वडिलांच्या दुकानात बसली आणि अठ्ठेचाळीस झाली तरी तिथंच होती. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, "मापं घेता घेता राहून गेलं."

दुकान बुटांचं होतं, पण बाजारातले बूट ज्यांना चालत नाहीत अशा माणसांसाठी. एक पाय आखूड असलेले, अपघातात बोटं गेलेले, जन्मापासून पाऊल वळलेले लोक तिथं यायचे, आणि सगळ्यांत जास्त यायचे ते मधुमेहानं तळव्याची जाणीव गेलेले. या शेवटच्या मंडळींची ताईला फार धास्ती. आपल्याला बूट चावला तर आपण कळवळतो. त्यांना कळतच नाही. संध्याकाळी मोजा काढल्यावर रक्त दिसतं, आणि मग ती जखम महिनोन् महिने भरत नाही. कधीकधी पाय घेऊनच जाते. त्यामुळे अशा बुटात शिवण कुठून जाते याला औषधाच्या मात्रेइतकं महत्त्व असायचं.

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा करायचा आणि त्या साच्यावर बूट बांधायचा, ही आप्पांची पद्धत. आप्पा म्हणजे ताईचे वडील. वरच्या मजल्यावर दोन हजार माणसांचे साचे मांडून ठेवलेले असत, डावा-उजवा मिळून चार हजार. कुठला साचा कोणाचा हे चिठ्ठीवर लिहिलेलं असलं, तरी त्या पायाची बाकीची कहाणी ताईच्या डोक्यात असायची. कोणाला कुठं घासलं होतं, कोणाचा पाय संध्याकाळी सुजतो, कोण दुखतं ते सांगत नाही, सगळं तिला पाठ. आप्पांनी याबद्दल तिला कधी शाबासकी दिली नाही, आणि तिनंही कधी मागितली नाही. घरच्या विहिरीला पाणी आहे म्हणून कोणी तिचे आभार मानतं का, असं ती स्वतःला समजवायची.

मग धाकट्या भावाचं लग्न झालं आणि त्याची बायको दुकानात यायला लागली.

ही भावजय आधी एका इस्पितळात रुग्णांच्या नोंदी सांभाळायच्या कामाला होती. हुशार, मनमिळाऊ, सगळ्यांशी अदबीनं वागणारी. ताईला 'अहो ताई' म्हणायची, चहा आधी तिच्यापुढं ठेवायची. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि त्याचाच ताईला जास्त राग यायचा. माणूस वाईट असला की त्याच्यावर जळणं सोपं जातं. चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे रोज नवीन निमित्त शोधावं लागतं.

दुसऱ्या वर्षी भावजयीनं एक यंत्र आणवलं. काचेच्या पाटावर उभं राहायचं, खालून उजेड फिरायचा, आणि अर्ध्या मिनिटात पायाचं हुबेहूब चित्र कॉम्प्युटरवर उमटायचं. त्या चित्रावरून दुसरं एक मशीन लाकडाऐवजी हलक्या फोमचा साचा कापून द्यायचं. सत्तरी उलटलेले आप्पा तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायला लागले. "सूनबाई, हे फिरवून दाखव. सूनबाई, ही टाच मोठी कर." लहान मुलाला नवीन खेळणं मिळावं तसे त्यांचे डोळे चमकायचे. पंचवीस वर्षं ताई आप्पांच्या शेजारी बसली होती, पण आप्पांनी तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

वरचे साचे भुंगा पोखरायला लागलाच होता. भावजय म्हणाली, "हे सगळे यंत्रावर घेऊ, आणि ताईंच्या डोक्यातलं सगळं त्याच्याखाली लिहून ठेवू. नाहीतर उद्या ताईंना ताप आला तर दुकान आंधळं होईल."

"बरोबर बोललीस," आप्पा म्हणाले.

सात महिने ताई रोज दुपारी तिच्याशेजारी बसली. एकेक साचा हातात घेऊन बोलत गेली, आणि भावजय टाइप करत गेली. सातव्या महिन्यात शेवटचा साचा संपला तेव्हा भावजयीनं तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ताई, केवढं काम केलंत तुम्ही." ताई हसली. त्या दिवशी घरी जाताना मात्र तिला वाटत राहिलं की आपल्याला कोणीतरी उसासारखं चरकात घातलं, रस काढून घेतला आणि चोयट्या हातात दिल्या. लाकडी साचे टेम्पोत भरून गेले. वरच्या मजल्यावर कठडे लावलेली चालण्याची खोली झाली, कोपऱ्यात हात धुवायला बेसिन बसलं.

गिऱ्हाइकंही बदलली. एक निवृत्त कंडक्टर वीस वर्षं ताईशिवाय कोणाला पायाला हात लावू देत नसे. तो यंत्रावरून उतरला आणि हसत म्हणाला, "ताई, तुम्ही तासभर पाय चेपत बसायचात. हे बघा, तिकीट फाडल्यासारखं काम." तो चेष्टेनं म्हणाला होता. ताईला ते आठवडाभर बोचत राहिलं.

पण खरा घाव बसला तो एका मोठ्या इस्पितळातले डॉक्टर दुकान बघायला आले त्या दिवशी. आप्पांनी ओळख करून दिली. "ही आमची सून. सगळं दुकान हिच्या डोक्यात आहे. हिनं आमचं काम वाचवलं म्हणा ना." मग मागे उभ्या असलेल्या ताईकडे त्यांचं लक्ष गेलं. "आणि ही मुलगी. शिवणकाम बघते."

डॉक्टरांनी मान हलवली आणि परत यंत्राकडे वळले. ताई आत गेली, शिलाईच्या मशीनवर बसली आणि एका चांगल्या चामड्यावर वाकडी शिवण मारून ते वाया घालवलं.

त्या दिवसापासून ती भावजयीच्या चुका शोधायला लागली. हिनं टाइप करताना नक्कीच कुठंतरी डावं-उजवं केलं असणार, हिच्या यंत्राला नक्कीच काहीतरी दिसत नसणार. आप्पांच्यापुढं एक दिवस यादी टाकायची. पण दुकानात सगळ्यांसमोर बसून कॉम्प्युटर कसा चाळणार? तिच्या बिल्डिंगमध्ये एक कॉम्प्युटर शिकवणारे मास्तर राहायचे. त्यांच्याकडून तिनं एक जुना लॅपटॉप घेतला, साबणाच्या वडीएवढी एक हार्ड डिस्क आणली, आणि फाइलींची प्रत कशी करायची ते शिकून घेतलं. दुकानातल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कीबोर्डखाली कागदावर चिकटवलेलाच होता. दर शनिवारी भावजय जेवायला घरी जायची, त्या पाऊण तासात ताई 'पाय' नावाचा अख्खा फोल्डर आपल्या डिस्कवर उतरवून घ्यायची आणि डिस्क पर्समध्ये टाकायची. मग रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत, दहा मिनिटांच्या अंतरावरच्या आपल्या दोन खोल्यांत ती एकेक पाय उघडून बसायची. आपल्या आठवणीशी ताडून बघायची. चूक सापडली की वहीत लिहायची.

वर्षभरात एकसष्ट चुका जमल्या. प्रत्येक चूक सापडली की तिला बरं वाटायचं, आणि पुढचे दहा-बारा पाय बिनचूक निघाले की परत तोंड कडू व्हायचं. शंभर झाल्या की वही आप्पांच्यापुढं ठेवायची, असं तिनं ठरवलं होतं.

भावजय आपल्या बाजूनं काळजी घेतच होती. कॉम्प्युटरशेजारी टेबलावर तिची एक मोठी डिस्क असायची, तिच्यावर रोज संध्याकाळी आपोआप प्रत उतरायची. शिवाय इंटरनेटवर एका कंपनीकडे दुसरी प्रत जायची. एकदा ती आप्पांना म्हणाली होती, "अजून एक डिस्क घरी ठेवावी म्हणते. सगळं एकाच टेबलावर नको."

आप्पा हसले होते. "घर आणि दुकान काय दोन देश आहेत? दोन प्रती आहेत ना, पुष्कळ झालं." तिनंही मग विषय वाढवला नाही.

एका सोमवारी सकाळी ताई दुकानात पोचली तेव्हा धाकटा दारातच उभा होता आणि त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. वरच्या बेसिनचा पाइप रविवारी केव्हातरी फुटला होता. दिवसभर पाणी वरच्या फरशीवरून झिरपत राहिलं आणि शेवटी छताचं प्लॅस्टर आणि पाणी सगळं मिळून कॉम्प्युटरच्या टेबलावर कोसळलं. कॉम्प्युटर चालूच ठेवलेला असायचा. मोठी डिस्क शेजारीच होती. दोन्ही चिखलात बसल्यासारखी दिसत होती.

धाकट्यानं घाबरून डिस्क शर्टाला पुसली, दोन फुंकरा मारल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघितली. आत टकटक असा आवाज आला, मग तोही थांबला. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "ओली होती तशीच माझ्याकडे दिली असती तर काही करता आलं असतं. आता हिच्यात वीज खेळून गेलीय." कॉम्प्युटरकडे बघून तर त्यानं नुसता हात झटकला.

"इंटरनेटवर आहे," भावजय म्हणाली. तिचा आवाज अजून शांत होता. "रोज संध्याकाळी 'प्रत पूर्ण' असा हिरवा टिक येतो. मी बघते ना रोज."

तिनं दुरुस्तीवाल्याच्या लॅपटॉपवर खातं उघडलं. आत दुकानाचे फोटो होते, पत्रं होती, सुट्ट्यांची यादी होती. 'पाय' नावाचा फोल्डरही होता, आणि तो रिकामा होता.

उलगडा व्हायला अर्धा तास गेला. दीड वर्षापूर्वी नवीन कॉम्प्युटर आला तेव्हा पायांचा फोल्डर मोठा म्हणून तिनं दुसऱ्या ड्राइव्हमध्ये हलवला होता. इंटरनेटवरच्या प्रतीला मात्र जुन्याच जागेचा पत्ता माहीत होता. तिथं आता काही नव्हतं. कंपनीनं काही महिने जुन्या फाइली सांभाळल्या आणि नियमाप्रमाणे पुसून टाकल्या. हिरवा टिक खोटं बोलत नव्हता. रिकाम्या कपाटाची प्रत रोज न चुकता पूर्ण होत होती. आतलं एकदा तरी उघडून बघावं, हे कोणालाच सुचलं नव्हतं.

भावजय ओल्या फरशीवर बसली.

आप्पा काठी टेकत तिच्यासमोर आले. "दोन-दोन प्रती होत्या ना?" ते म्हणाले. "मग कुठं गेल्या?"

त्यांचा तो स्वर ताईनं ऐकला आणि तिच्या छातीत एकदम काहीतरी हलकं झालं. तो आनंद होता. गेल्या सहा वर्षांत इतकं स्वच्छ सुख तिला मिळालं नव्हतं. लगेच तिला स्वतःची शरम वाटली, पण सुख काही गेलं नाही. टॉवेलांच्या खाली, तिच्या कपाटात, परवाच्या शनिवारपर्यंतचे सगळे पाय सुखरूप होते. सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात आप्पा तिच्याकडे वळले. "तुला आठवतात ना गं सगळे पाय?"

सगळे तिच्याकडे बघत होते. कारागीर, धाकटा, भावजयसुद्धा, खालून, रडवेल्या डोळ्यांनी.

"आठवतात," ताई म्हणाली.

पुढचे तीन दिवस ताई दुकानाची राणी होती. सकाळी निघण्याआधी ती घरी लॅपटॉप उघडायची, त्या दिवशी ज्यांचे बूट व्हायचे असतील त्यांचे पाय बघून चिठ्ठीवर टिपायची आणि चिठ्ठी पाठ करून फाडून टाकायची. दुपारी जेवायच्या निमित्तानं परत घरी. मग दुकानात खुर्चीत बसून ती सांगायची, "उजवी टाच चार मिलिमीटर उंच, आत कापसाचं अस्तर, अंगठ्यापाशी शिवण नको," आणि भावजय कागदावर लिहून घ्यायची. कारागीर एकमेकांकडे बघायचे. आप्पा तर थक्क झाले होते. "कुठलं यंत्र आणि कुठलं काय," ते येईल त्याला सांगायचे. "माझी मुलगी म्हणजे चालतंबोलतं कपाट आहे."

हे वाक्य ऐकायला तिनं जन्म घालवला होता. आता ते दिवसातून चार वेळा ऐकू येत होतं, आणि प्रत्येक वेळी तिला चोरीचं लुगडं नेसल्यासारखं वाटत होतं. तरी ती ते उतरवायला तयार नव्हती.

भावजय सकाळपासून फोनला चिकटलेली असायची. गिऱ्हाइकांची यादीही गेली होती, तेव्हा कारागिरांच्या फोनमधून, जुन्या पावत्यांवरून नंबर शोधून ती एकेका गिऱ्हाइकाला सांगत होती की तुमची माहिती आमच्याकडून गेली, चूक माझी आहे, जमेल तेव्हा परत माप द्यायला याल का. कोणी समजून घ्यायचं. कोणी दोनशे किलोमीटरवर राहायचं आणि ओरडायचं. तिचे डोळे सुजलेले होते. बुधवारी चहा पिताना ती ताईला म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून आपण उभे आहोत. हे सगळं सावरलं की मी दुकानात येणं थांबवेन म्हणते. यांनाही तसं बोलले मी."

वर्षभर ताईनं याच वाक्याची वाट बघितली होती. ती म्हणाली, "बघू," आणि कप विसळायला उठून गेली. मागच्या नळाखाली ती बराच वेळ तोच कप विसळत राहिली.

गुरुवारी हेडबाई आल्या. या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणून सगळे त्यांना हेडबाई म्हणायचे. दोन्ही तळवे बधिर. यायच्या होत्या शुक्रवारी, पण भाचीची गाडी मिळाली म्हणून आदल्या दिवशीच आल्या. त्यांचे नवीन बूट झाले होते, आतलं अस्तर तेवढं बसवायचं होतं. कारागिरानं ताईला विचारलं, "हेडबाईंची अस्तराची शिवण कुठून घेऊ?"

त्यांचा पाय ताईनं आज बघितलेला नव्हता. चिठ्ठीही नव्हती. पण हेडबाई म्हणजे बावीस वर्षांची जुनी ओळख. "बाहेरच्या बाजूनं," ती म्हणाली. "त्यांची नेहमी बाहेरच्याच बाजूनं असते."

अर्ध्या तासात अस्तर बसलं. हेडबाई नवे बूट घालून वरच्या खोलीत कठड्याला धरून वीस मिनिटं चालल्या. चालता चालता त्यांनी धाकट्याला पाठ ताठ ठेवून उभं राहायला सांगितलं. खाली आल्यावर म्हणाल्या, "छान आहेत. काहीसुद्धा टोचत नाही."

"तुम्हाला टोचलं तरी कळणार नाही, बाई," ताई म्हणाली आणि सवयीनं बूट-मोजा काढून पाय मांडीवर घेतला.

करंगळीच्या बाहेरच्या बाजूला नाण्याएवढा लाल डाग उमटला होता. ताईनं त्यावर बोट दाबून सोडलं. डाग पांढरा व्हायला हवा होता. झाला नाही. आणि बोटाखाली तिला एक टणक उंचवटा लागला, जो बावीस वर्षांपूर्वीच्या पायात नव्हता.

"हा उंचवटा कधीपासून आहे?"

"दोन वर्षं झाली की. तुमच्या भावजयीला दाखवला होता. तिनं तेव्हा शिवण आतून घेतली." हेडबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "तुम्हाला सांगितलं नाही का तिनं?"

भावजयीनं ते लिहून ठेवलं होतं. ताईनं एका रविवारी वाचलंसुद्धा होतं. डोळ्यांनी वाचलेलं मागं पडलं, आणि तोंडात आला तो वीस वर्षं हातांनी धरलेला पाय. अजून तासभर हेडबाई तशाच चालल्या असत्या, घरी जाऊन बूट न काढता स्वयंपाकाला लागल्या असत्या, तर काय झालं असतं याचा ती विचार करू शकली नाही.

तिनं हेडबाईंना जुने बूट घालून दिले, धाकट्याला त्यांना ताबडतोब डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं, आणि दुकानाबाहेर पडली. वीस मिनिटांनी परत आली तेव्हा तिच्या एका हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली डिस्क होती आणि दुसऱ्या हातात वही. दोन्ही तिनं भावजयीसमोर ठेवलं.

"हे काय आहे?"

"पाय."

"कुठले पाय, ताई?"

"सगळे. शनिवारपर्यंतचे. दर शनिवारी मी प्रत घेत होते."

भावजयीनं डिस्ककडे बघितलं, मग ताईकडे. तिला समजायला वेळ लागला. "म्हणजे सोमवारी सकाळी हे तुमच्याकडे होतं?"

"होतं."

"आज गुरुवार आहे, ताई."

ताईनं डिस्कवरचा टॉवेल काढून त्याची घडी घातली.

"मी एकशे ऐंशी लोकांना फोन केलेत. प्रत्येकाला म्हटलं, चूक माझी आहे." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

आप्पा स्टुलावरून उठले. "पण प्रत घेतलीस कशाला तू?"

"हिच्या चुका काढायला." ताईनं वही पुढं सरकवली. "एकसष्ट सापडल्या. शंभर झाल्या की तुम्हाला दाखवणार होते."

"माझ्या चुका कशाला?" भावजयीनं विचारलं. "मी काय केलं होतं तुमचं?"

"आप्पा त्या डॉक्टरांना म्हणाले, सगळं दुकान सुनेच्या डोक्यात आहे, मुलगी शिवणकाम बघते."

"असं मी म्हणालो?" आप्पा म्हणाले. "मला तर आठवत नाही."

"मला आठवतं."

भावजय तिच्याकडे बघत राहिली. "मी तुमची बरोबरी कधी मनातसुद्धा केली नव्हती हो, ताई," ती म्हणाली. ती खरं बोलत होती, हे ताईला दिसत होतं. आणि इतकं होऊनही तिला ते वाक्य झोंबलं. एवढी वर्षं ती जिच्याशी शर्यत धावत होती, तिला शर्यत चालू आहे हेही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या कारागिरानं डिस्क उचलून लॅपटॉपला लावायला घेतली. भावजयीनं झटकन ती त्याच्या हातातून काढून घेतली. "हात लावू नका. सबंध जगात आता ही एकच उरली आहे. आधी दुरुस्तीवाल्याकडून दोन प्रती करून आणू, मग उघडू." ती डिस्क पदराखाली धरून स्वतः गेली. चार वाजता परत आली तेव्हा तिच्याकडे तीन डिस्क होत्या. एक तिनं घरी पाठवली, एक दुरुस्तीवाल्याच्याच तिजोरीत ठेवायची ठरवली, आणि तिसरी उघडली. सगळे पाय जागेवर होते. हेडबाईंचा पाय तिनं सगळ्यांत आधी काढला. खाली लिहिलं होतं, करंगळीबाहेर हाड वाढलं आहे, शिवण आतूनच.

हेडबाईंचा डाग तिसऱ्या दिवशी गेला. जखम झाली नाही. ताई तिन्ही दिवस त्यांच्या घरी जाऊन पाय बघून आली.

भावजयीनं दुकान सोडलं नाही. पण दीड-दोन महिने ती ताईशी कामापुरतंच बोलली. चहा ठेवायची, 'अहो ताई' म्हणायची, आणि पुढं काही नाही. एकदाच म्हणाली, "माझा राग होता तर तोंडावर बोलायचं. लोकांच्या पायांना मध्ये कशाला घेतलंत? त्यांची माहिती अशी पर्समधून न्यायची वस्तू आहे का?" मग वहीही परत आली. भावजयीनं एकेका गिऱ्हाइकाला बोलावून, विचारून, प्रत्येक ओळीपुढं खूण केली होती. "अडतीस चुका माझ्या," ती म्हणाली. "तेवीस तुमच्या."

ताईनं तेवीसही ओळी वाचल्या. तेवीस माणसांचे पाय तिनं छातीठोकपणे चुकीचे लक्षात ठेवले होते.

आप्पांनी माफी मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण एका सकाळी ते आपलं स्टूल ओढत शिलाईच्या मशीनपाशी घेऊन आले आणि म्हणाले, "आज कोणाचे पाय आहेत? मला सांग जरा." ताईनं सांगितलं. अर्धा तास बसून ते परत सुनेकडे गेले. ताईनं किती मिनिटं इकडं आणि किती तिकडं हे मोजलंच. सवय एका दिवसात जात नाही.

आता दुकानात नियम झाला. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक शेजारच्या डिस्कवर, एक ताईच्या घरी, पण पासवर्ड लावलेली, आणि एक इंटरनेटवर, बरोबर पत्ता दिलेली. पासवर्डचा कागद कीबोर्डखालून गेला. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघींनी समोरासमोर बसून प्रत्येक प्रतीतले कुठलेही दहा पाय उघडायचे आणि वाचून बघायचे. ही शेवटची अट ताईनं घातली होती. "नुसता टिक बघून काय कळतंय," ती म्हणाली. "मी वर्षभर उघडून बघत होते, म्हणून तर ती प्रत धड होती." भावजयीनं वहीत नियम लिहून घेतला.

अशा चौथ्या की पाचव्या सोमवारी एका निवृत्त पोस्टमनचा पाय निघाला. भावजयीनं वाचलं, "डावी टाच बाहेर कलते."

"आत," ताई म्हणाली.

"इथं बाहेर लिहिलंय. चारही प्रतींत."

"चुकीचं लिहिलं की चार काय, चाळीस प्रतींत चुकीचंच येणार. मी तो पाय हातात धरलाय."

"तेवीस वेळा तुम्ही असंच म्हणाला होतात," भावजय म्हणाली. खूप दिवसांनी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जराशी हालचाल झाली.

शेवटी पोस्टमनलाच बोलावून घेतलं. तो दुसऱ्या गल्लीतच राहायचा, अर्ध्या तासात आला आणि दोघी आपल्या टाचेवरून भांडताहेत हे ऐकून खूश झाला. ताईनं त्याला बसवलं, पाय मांडीवर घेतला, डोळे मिटले. मग पुन्हा एकदा अंगठा फिरवला.

"काय?" भावजयीनं विचारलं.

"सरळ आहे," ताई म्हणाली. "कुठंच कलत नाही."

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना माझं," पोस्टमन म्हणाला. "सात महिने झाले. डॉक्टर म्हणाले, चाल सुधारेल."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. भावजय यंत्र सुरू करायला उठली, आणि ताई पाय न सोडता म्हणाली, "थांब. आधी माझं पूर्ण होऊ दे."

भावजय खुर्ची ओढून शेजारी बसली आणि लिहायला लागली.